थेरगावच्या चाचांचा रेडिओ

शाळा उघडायला आठवडा उरला होता. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही मुलांना घेऊन थेरगावला चाचांकडे पोहोचलो. चिंचवड स्टेशनहून रिक्षा केली, पण डांगे चौकात ती अशी अडकली की मुलांनी समोरच्या सगळ्या दुकानांच्या पाट्या वाचून काढल्या. हिंजवडीकडून परतणाऱ्या मोटारी, कंपन्यांच्या बसगाड्या, भाजीवाले, सगळे एकाच चौकात. चाचा १९६८ मध्ये पिंपरीतल्या कारखान्यात नोकरीला लागले, तेव्हा थेरगाव हे पवनाकाठचे खेडे होते. आता ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे आणि चाचांच्या इमारतीत निम्म्या महाराष्ट्रातून आलेली बिऱ्हाडे आहेत.

चाचींनी चहा ठेवला. एवढ्यात चाचांची नात मोबाइल घेऊन रडवेल्या चेहऱ्याने आली. ती यंदाच दहावी झाली आहे. इमारतीच्या ग्रुपवर संदेश आला होता, "अकरावीची ऑनलाइन नोंदणी काल रात्री बंद झाली. आता पैसे भरूनच प्रवेश." तिचा अर्ज अर्धाच भरलेला होता. तिचे वडील म्हणाले, "एवढे पैसे कुठून आणायचे? या वर्षी राहू दे." आम्हीही गप्प बसलो. खरे सांगायचे तर आमचाही त्या संदेशावर विश्वास बसला होता.

चाचांनी एकच विचारले, "हे लिहिले कुणी?"

कुणालाच सांगता येईना. ज्याने पाठवला त्याला दुसऱ्याने पाठवला होता.

"मग उद्या सकाळी कॉलेजात जाऊन विचारू," चाचा म्हणाले. "ऐकले ते खरे धरायचे नाही. आधी बोलायचे, विचारायचे, मग करायचे. हे आम्हाला रेडिओने शिकवले."

रेडिओने? आम्ही विचारले आणि त्या रात्री जेवणानंतर चाचांनी जी हकीकत सांगितली, ती आम्ही पूर्वी कधीच ऐकली नव्हती.

चाचांचे बालपण पुणे जिल्ह्यातल्या भीमाकाठच्या एका खेड्यात गेले. १९५६ साली ते दहा वर्षांचे होते. गावात एक रेडिओ होता, तोही सरकारी. फेब्रुवारीत चावडीवर रेडिओभोवती माणसे बसू लागली. ठरलेले सभासद, एक अध्यक्ष आणि लिहून घेणारा एक संयोजक. आठवड्यातून दोनदा पुणे केंद्रावरून अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम लागे. शेती, जनावरे, आरोग्य, सहकार असे विषय असत. आमचे दादाजान सभासद होते. त्यांना सहीपुरतेही लिहिता येत नव्हते. चाचा उंबऱ्यावर बसून ऐकत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद होई आणि खरी सभा सुरू होई. हे आपल्या गावात जमेल का? खर्च कोण करणार? न कळलेले प्रश्न लिहून पुण्याला पाठवले जात आणि पुढच्या कार्यक्रमांत उत्तरे येत. "रेडिओ आपल्याला उत्तर देतो, याचेच आम्हाला नवल वाटायचे," चाचा म्हणाले.

घरी परतल्यावर आम्ही या गोष्टीचा माग काढला. चाचांची आठवण खरी निघाली. तो युनेस्को आणि आकाशवाणी यांचा मिळून केलेला प्रयोग होता. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत, १५० गावांत तो चालला. एकूण २० कार्यक्रम झाले. कल्पना कॅनडाची होती. तिथे १९४१ पासून शेतकरी असेच गट करून रेडिओ ऐकत. युनेस्कोचे पाठबळ, मुंबई राज्याचे कर्मचारी, तपासणीला टाटा समाजविज्ञान संस्था आणि तिथे आलेले प्राध्यापक पॉल न्यूराथ. हिटलरच्या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत गेलेला हा माणूस आपल्या खेड्यांत लोकांना किती कळले याचा अभ्यास करत होता. गट असलेली आणि नसलेली गावे त्यांनी ताडून पाहिली. गटांच्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडली होती, इतर गावांत फारच थोडी. हा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये छापला आणि त्याच वर्षी ही योजना देशभर नेण्यास सुरुवात झाली.

त्याच सुमारास थेरगावपासून जवळच पिंपरीत जगाची मदत दुसऱ्या रूपानेही आली होती. १९५४ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे आपली एचए कंपनी, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या साह्याने उभी राहिली. पेनिसिलिनची बाटली घरी आणता येते. ज्ञानाचे तसे नसते. बाहेरून यंत्र येते, पैसा येतो, पद्धत येते, पण चावडीवर बसून प्रश्न विचारणे हे ज्याचे त्यालाच करावे लागते.

या प्रयोगात एक उणीवही होती. गावकरी प्रश्न विचारत, पण ध्वनिक्षेपक सरकारच्याच हाती राही. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १९९५ मध्ये. स्वयंसेवी संस्थांना स्वतःचे सामुदायिक रेडिओ केंद्र चालवण्याची वाट २००६ मध्ये मोकळी झाली. २००८ मध्ये तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात दलित स्त्रियांचा संगम रेडिओ सुरू झाला. त्याच्या उभारणीलाही युनेस्कोची मदत होती. आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग हे केंद्र आहे. तरी अशा केंद्रांना आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात. म्हणजे गावच्या बाईला गाणे सांगता येते, खताची माहिती देता येते, पण पंचायतीत काल काय झाले याची बातमी देता येत नाही. माध्यमांच्या स्वातंत्र्याची लढाई दिल्लीतल्या मोठ्या वाहिन्यांपुरती नसते, ती अशी म्हसवडलाही असते.

शनिवारी सकाळी चाचा, नात आणि आम्ही जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात गेलो. कारकुनाने फलकाकडे बोट दाखवले. मुदत संपायला दोन दिवस होते आणि त्यानंतरही प्रवेशाच्या फेऱ्या होत्या. नातीने फलकाचा फोटो काढून त्याच ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत इमारतीतली आणखी तीन मुले अर्ज घेऊन चाचांच्या दारात उभी होती. त्यातल्या एकीच्या आईने तिच्यासाठी शिवणाच्या क्लासची चौकशीसुद्धा करून ठेवली होती.

खबर आली की आधी शहानिशा करा, ही सूरह हुजुरातची ताकीद आपण लहानपणापासून ऐकतो. थेरगावला आम्हाला कळले की ती न पाळल्याने एखाद्या मुलीचे अख्खे वर्ष जाऊ शकते.

संध्याकाळी आम्ही सगळे पवनेच्या काठी केजुदेवी बंधाऱ्याकडे फिरायला गेलो. मुले पाण्याकडे धावली. चाचा म्हणाले, "आता प्रत्येकाच्या खिशात रेडिओ आहे, बेटा. फक्त तो बंद करून बोलायला कुणी बसत नाही."

घरी आल्यापासून आम्ही मगरिबनंतर पंधरा मिनिटे सगळे मोबाइल कपाटावर ठेवतो. दिवसभरात आलेली एक बातमी निवडतो आणि ती कुणी दिली, खरी कशावरून, आपण काय करायचे, एवढेच बोलतो. पहिल्याच दिवशी धाकट्याने असा प्रश्न विचारला की आम्हा दोघांनाही उत्तर येईना. तो आम्ही वहीत लिहून ठेवला आहे.