काळ्या पडद्यावरचा मेनू

धानोऱ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूच्या ग्रामसभा, शाळा आणि आपले सरकार केंद्रं. त्यांच्या बऱ्याच मशीनमध्ये विंडोज आणि लिनक्स दोन्ही मीच टाकून दिलंय, आणि ते हौसेपोटी नाही. श्रीलिपीत टाइप केलेले जुने ठराव आणि टॅलीतला हिशेब यांना विंडोज लागतं. त्याच विंडोजला दहा जणांचे पेनड्राइव्ह लावले की आठवडाभरात सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसतात. म्हणून हिशेबाला विंडोज आणि बाकी सगळ्याला लिनक्स. बटण दाबल्यावर दोघांपैकी कोणाला उठवायचं हे विचारणारा काळा पडदा म्हणजे बूट मॅनेजर. आमच्याकडे बहुधा ग्रब. एरिक बोलेन यांनी १९९५ साली सुरू केलेला हा प्रोग्राम आज बहुतेक लिनक्ससोबत येतो.

शहरात हा मेनू कोणाच्या लक्षातही येत नाही. इकडे मात्र माझे निम्मे फोन त्याच्यापायीच येतात.

पहिलं कारण लाइन. उबुंटू नावाचं लिनक्स सुरू होताना ग्रब एक खूण करून ठेवतो आणि मशीन नीट उठलं की ती पुसली जाते. मधेच लाइन गेली तर खूण तशीच राहते. पुढच्या वेळी ग्रब समजतो की काहीतरी बिघडलंय आणि मेनू दाखवून थांबतो. नव्या आवृत्तीत तीस सेकंद, जुन्या आवृत्तीत एंटर दाबेपर्यंत. एका शाळेतल्या बाई तो इंग्रजी पडदा दिसला की घाबरून मशीन बंद करायच्या. खूण पुसलीच जायची नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पडदा. मशीन खराब झालं म्हणून ते महिनाभर कपड्याखाली झाकलेलं होतं. मी जाऊन एंटर दाबलं. मग सेटिंगमध्ये तो वेळ पाच सेकंदांवर आणला. तेव्हापासून उबुंटू टाकल्याबरोबर ती एक ओळ आधी बदलतो.

दुसरं कारण जास्त त्रासाचं. जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा असतो. त्यात सुरुवातीच्या कोडला जागा फक्त ४४६ बाइट. बाकी जागेत चार पार्टिशनचा तक्ता. एवढ्याशा जागेत मेनू मावत नाही. तो ठेवलेला असतो लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. म्हणजे ते पार्टिशन गेलं की शेजारचं धडधाकट विंडोजसुद्धा उठत नाही.

मे महिन्यात मुरूमगावकडच्या एका ग्रामसभेत नेमकं हेच झालं. तेंदूपत्ता ग्रामसभा स्वतः विकते. कोणी किती पुडे दिले, कोणाची मजुरी किती, सगळं टॅलीत. हिशेब लिहिणाऱ्या पोराला नेटवर्कसाठी गावाबाहेरच्या टेकाडावर यावं लागतं आणि मशीन समाजमंदिरात. त्यानं पडद्यावरचं एकेक अक्षर वहीच्या कागदावर उतरवलं, टेकाडावर आला आणि वाचून दाखवलं: ‘नो सच पार्टिशन’, खाली ‘ग्रब रेस्क्यू’. मी सांगितलं, एल आणि एस टाइप करून एंटर मार, जे येईल ते लिहून आण. तो गेला आणि बऱ्याच वेळानं आला. कागदावर डिस्कची जितकी पार्टिशनं उतरली होती त्यात एक कमी भरलं. मग कळलं, कोणीतरी विंडोजमध्ये बसून ‘रिकामी दिसते’ म्हणून एक ड्राइव्ह उडवली होती. विंडोजला लिनक्सचं पार्टिशन वाचता येत नाही, म्हणून तिथं ते बिननावाचं दिसतं.

फोनवरून यापुढे काही होण्यासारखं नव्हतं. विंडोज उठवायला लागणारी मॉड्यूलसुद्धा त्याच पार्टिशनसोबत गेली होती. विंडोजचा पेनड्राइव्ह घेऊन मी एसटीनं पोचलो. समाजमंदिरात माणसं जमलेली. एक म्हातारबा सारखे विचारत, “हिसाब हाये नं जी? का गेला?” दुरुस्तीच्या पडद्यावर पहिला सेक्टर पुन्हा लिहायची एकच आज्ञा दिली आणि विंडोज उठलं. टॅली उघडून त्यांच्या घरच्या पुड्यांचा आकडा वाचून दाखवला, तेव्हा ते खाली बसले. आता असा एक पेनड्राइव्ह आणि मराठीत लिहिलेला कागद मी प्रत्येक ग्रामसभेच्या कपाटात ठेवून येतो.

मेनू मराठीत करावा म्हणून ‘हिशेब’ आणि ‘इंटरनेट’ अशी नावं दिली होती. ग्रब देवनागरी अक्षरं काढतो, पण जुळवत नाही. ‘हिशेब’ची वेलांटी ह-च्या पुढे जाऊन बसली. ‘ग्रामसभा’ लिहून पाहिलं तर पाय मोडका ग वेगळा आणि र वेगळा. शेवटी तीच मराठी नावं रोमन अक्षरांत लिहिली. पोरं ती वाचतात, म्हातारी माणसं वाचत नाहीत.

नव्या मशीनमधल्या यूईएफआय पद्धतीनं एक दुखणं खरंच कमी केलं. प्रत्येक सिस्टिमचा लोडर एका वेगळ्या छोट्या पार्टिशनमध्ये स्वतंत्र असतो. लिनक्स उडालं तरी सुरुवातीलाच एफ १२ किंवा त्या कंपनीची जी की असेल ती दाबून विंडोज निवडता येतं. रेफाइंडसारखा बूट मॅनेजर तर दर वेळी डिस्क तपासून, जे सापडेल तेच मेनूत दाखवतो. पण सोबत ओळखीची सही नसलेला लोडर उठू न देणारं सिक्युअर बूट आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर जगभर दोन सिस्टिमच्या अनेक मशीनवर जुनं लिनक्स उठेना, कारण त्याचा लोडर असुरक्षित ठरवला गेला होता. २०११ सालच्या सह्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपते आहे. नव्या सह्या ओळखायला अपडेट लागतं आणि टेकाडावरच्या नेटवर्कवर अपडेट उतरवणं किती दिवसांचं काम आहे, ते इथल्यांना ठाऊक आहे. रेड हॅटचे काही इंजिनीअर तर लिनक्सच्या कर्नेललाच मेनूचं काम द्यावं, मधला लोडर नकोच, अशा प्रयोगात आहेत.

मला विचाराल तर मागणी साधी आहे. मेनूची एक छोटी प्रत लिनक्सच्या पार्टिशनबाहेर असावी. चूक झाली तर काय झालं आणि कोणती की दाबायची, हे वाचणाऱ्याच्या भाषेत दिसावं. लाइन जाणं म्हणजे बिघाड असं धरून चालू नये.

तोवर मी दुसऱ्या टोकानं काम करतोय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मदत थांबली आणि इथली बरीच मशीनं ११ घेत नाहीत. म्हणून श्रीलिपीतले ठराव युनिकोडमध्ये बदलून देतो आणि जिथं टॅली नाही तिथं नुसतं लिनक्स ठेवतो. एकच सिस्टिम असली की विचारायला मेनूच उरत नाही. टॅलीवाल्या ग्रामसभांना मात्र अजून दोन्ही लागतात. तिथला कपाटातला पेनड्राइव्ह मी दर हंगामाआधी लावून तपासतो.