कोरड्यास आधी, भाकरी नंतर

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागले की दहाएक किलोमीटरवर काटेवाडी येते. महाराष्ट्राला हे गाव पवार कुटुंबाचे गाव म्हणून ठाऊक आहे आणि वारकऱ्यांना तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरचा विसावा म्हणून. आहाराचा विचार करणाऱ्या डॉक्टरला मात्र हे गाव आणखी एका कारणासाठी पाहण्यासारखे वाटते. शेतीपाणी बदलले, कष्ट बदलले, पण ताटाची मांडणी तशीच राहिली की शरीरावर काय परिणाम होतो, हे या पट्ट्यात स्पष्ट दिसते.

हा मूळचा पर्जन्यछायेचा प्रदेश. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथवर पोचेपर्यंत आटून जातो. पूर्वी बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा यांच्यावर वर्ष काढावे लागे आणि मेंढरे हा मोठा आधार असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला, भोर तालुक्यातल्या भाटघर धरणाचे पाणी बारामती-इंदापूरच्या शिवारात खेळू लागले आणि गावांचे ‘जिरायत’ व ‘बागायत’ असे दोन भाग पडले. बागायतीत ऊस आला, गुऱ्हाळे आली, बारामतीची गुळाची पेठ नावारूपाला आली आणि पुढे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. आज काटेवाडीहून पुढे भवानीनगरच्या दिशेने जाताना उसाचे फड संपता संपत नाहीत.

जुन्या जिराइती जीवनाची एक खूण गावाने जपली आहे. आषाढात बारामतीचा मुक्काम आटोपून पालखी काटेवाडीत येते, तेव्हा परीट समाजाची मंडळी तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. वारीत इतरत्र रिंगणात घोडा धावतो; इथे मेंढरे धावतात. ज्या भूमीवर माणसे कळपामागे दिवसाकाठी कोसच्या कोस चालत होती, त्या भूमीचे हे स्मरण आहे. त्या चालणाऱ्या माणसाला दोन वेळच्या चार-पाच भाकरी सहज पचत. ती त्याची चैन नव्हती, गरज होती.

आजही अशी माणसे या रस्त्यावर भेटतात. गळिताच्या हंगामात मराठवाड्यातून आणि इतर दुष्काळी भागांतून आलेली ऊसतोड कुटुंबे फडाच्या कडेला कोपी घालून राहतात, पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन निघतात आणि दिवसभर मोळ्या वाहतात. त्यांना भाकरी कमी करा असे सांगणे हा अविचार ठरेल. परंतु त्याच फडाचा मालक आता मोटारसायकलवरून शेतावर चक्कर मारतो, विहिरीवरची मोटार मोबाइलवरून चालू करतो, नांगरट ट्रॅक्टरकडून करून घेतो. कष्ट गेले, भाकरी मात्र आजोबांच्या मापाचीच राहिली. शिवाय तिच्या जोडीला भात आला, सकाळचे पोहे आले, दिवसातून चार वेळा साखरेचा चहा आला. बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांच्या निमित्ताने वडापाव आणि पाव-मिसळही घरात रुळली.

देशभराचे चित्र याहून वेगळे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीच्या २०२५ मधील अहवालानुसार भारतीय माणसाला मिळणाऱ्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांचा वाटा जेमतेम १२ टक्के असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेला सल्ला असा, की धान्यांतून मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या ४५ टक्क्यांहून अधिक नसावेत.

बाजरी की गहू?

या विषयावर बोलू लागले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘आमच्याकडे बाजरीचीच भाकरी असते, चपाती नाही. मग काय हरकत?’ बाजरीत तंतू आणि लोह अधिक असते, म्हणून चपातीपेक्षा ती उजवी, हे खरे. पण कर्बोदकांच्या हिशेबात दोघींत फारसा फरक नाही. पाऊणशे ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे सुमारे ५० ग्रॅम कर्बोदके. दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातात ती ४० ग्रॅमच्या आसपास असतात. दोन भाकरी आणि वर भात असे एकवेळचे जेवण झाले, की दीडशे ग्रॅमच्या जवळ आपण बसल्या जागी पोचतो. बटाटा ही आपल्या ताटात भाजी म्हणून वावरत असला तरी हिशेबात तो धान्याच्याच रांगेत बसतो. आणि गूळ? बारामतीच्या गुळाचा अभिमान जरूर बाळगावा; पण रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने गूळ आणि साखर ही एकाच उसाची लेकरे आहेत.

एका घरात तीन स्वयंपाक नकोत

कमी कर्बोदकांचा आहार घरात का टिकत नाही, याचे कारण बहुतेक वेळा रुग्णाच्या जिभेत शोधले जाते. ते स्वयंपाकघरात शोधले पाहिजे. घरातल्या कर्त्या पुरुषाची साखर वाढते. त्याला ‘पथ्य’ सुरू होते. म्हणजे सून किंवा पत्नी त्याच्यासाठी निराळे शिजवते, मुलांसाठी निराळे, सासूबाईंच्या दातांसाठी आणखी निराळे. आणि सगळ्यांचे उरकल्यावर उरलेली भाकरी चटणीशी खाऊन स्वतःचे जेवण संपवते. पंधरा दिवसांत ती थकते आणि पथ्य बंद पडते. पुढे काही वर्षांनी तिचीच साखर तपासली तर तीही वाढलेली निघते. एकाचे पथ्य दुसरीच्या अंगावर काढणारा आहार हा आरोग्याचा आहार नव्हे.

म्हणून आखणी कुटुंबाची असावी आणि स्वयंपाक एकच असावा. ही युक्ती आपल्या बोलीतल्या एका शब्दात दडलेली आहे. या भागात भाकरीबरोबर खायच्या पदार्थाला ‘कोरड्यास’ म्हणतात. भाकरी मुख्य आणि कोरड्यास तिच्या सोबतीला, अशी त्या शब्दामागची मांडणी आहे. आपल्याला एवढेच करायचे आहे, की कोरड्यास मुख्य करायचे आणि भाकरी सोबतीला न्यायची. भाज्या, उसळ, अंडी, मासळी यांचे पातेले घरातल्या सर्वांसाठी एक. फक्त नेहमीच्या दुप्पट. वाढत्या वयाची मुले आणि शेतात राबणारा तरुण त्याबरोबर हवी तेवढी भाकरी घेतील. ज्याची साखर वाढली आहे तो अर्धी घेईल किंवा त्या वेळेला मुळीच घेणार नाही. पण वाटीऐवजी वाडगा भरून कोरड्यास खाईल आणि उपाशी उठणार नाही.

मग आठवड्याची आखणी ‘आज कशाबरोबर भाकरी?’ या प्रश्नाने न करता ‘आज प्रथिने कशातून?’ या प्रश्नाने करावी. सकाळी पोह्यांच्या जागी कांद्याची पात घातलेले दोन अंड्यांचे आम्लेट किंवा पनीरची भुर्जी चालते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि कर्बोदके एक ग्रॅमहून कमी. दुपारी मेथी, चाकवत, तांदुळजा, करडई, शेपू यांपैकी एक पालेभाजी शेंगदाण्याचे कूट घालून, मटकीची उसळ, काकडी किंवा मुळ्याची कोशिंबीर आणि ताक. रात्री वांग्याचे भरीत आणि शेवग्याच्या शेंगांची आमटी, किंवा दोडक्याची, गवारीची, कोबीची भाजी आणि सोबत पनीर. मांसाहार असणाऱ्या घरात आठवड्यातून एक-दोनदा कोंबडीचा रस्सा. उजनीच्या जलाशयामुळे इंदापूर तालुक्यातले भिगवण हे मासळीचे मोठे ठिकाण झाले आहे. तिथली चिलापी किंवा रोहू बारामतीकरांच्या सहज आवाक्यात आहे. मासा तळण्यापेक्षा थोड्या तेलात भाजावा किंवा रश्शात शिजवावा. शहरात फ्लॉवर किसून त्याचा भात करण्याची टूम आहे. आवडत असेल तर अवश्य करावा. पण आपल्या परसातल्या भाज्या असताना भाताचे सोंग आणलेच पाहिजे असे नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डाळी आणि बेसन ही प्रथिनांची खाण मानली जाते; पण त्यांत प्रथिनांच्या दुपटीहून अधिक कर्बोदके असतात. तीस ग्रॅम बेसनाच्या पिठल्यात सुमारे १७ ग्रॅम कर्बोदके आणि सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हणजे पिठले वाईट नाही. एका भाकरीच्या तुलनेत ते कितीतरी बरे. फक्त ‘भाकरी सोडली’ म्हणून पातेलेभर पिठले खाण्यात अर्थ नाही. झुणक्यात कांदा, कोबी किंवा मेथी भरपूर घालावी, म्हणजे बेसन कमी लागते. आणि ठेचा चवीपुरताच असावा, कारण कोरड्यास दुप्पट झाले की मीठही नकळत दुप्पट होते. रक्तदाब असणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

माळकरी घर आणि एकादशी

पालखीच्या वाटेवरच्या गावांत गळ्यात माळ असलेली माणसे घरोघरी आहेत. त्यांना अंडी, मासळी वर्ज्य. त्यांच्यासाठी पनीर, घट्ट दही, ताक, शेंगदाणे, सोयाबीनच्या वड्या आणि मोड आलेली कडधान्ये हा आधार आहे. दुधाची या भागात वाण नाही. खरी अडचण एकादशीची आहे. साबुदाणा, वरई, रताळे, बटाटा हे चारही पदार्थ म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; त्यातून ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे आपणच म्हणून ठेवले आहे. उपवास मोडायला कोणी सांगत नाही. भाजलेले शेंगदाणे, दही-काकडी, ताक, राजगिऱ्याच्या पानांची भाजी, घरचे पनीर एवढ्यावर उपवास उत्तम होतो आणि दुसऱ्या दिवशी साखरही शाबूत राहते. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर कडकडीत उपवास करू नये.

खर्चाचा प्रश्न

कमी कर्बोदकांचा आहार महाग पडतो, ही तक्रार खोटी नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातील कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. घरात गहू-तांदूळ फुकट येत असताना अंडी आणि पनीर विकत आणायला हात धजावत नाही. म्हणून अशा घराने सर्वांचे धान्य बंद करण्याच्या फंदात पडू नये. राबणाऱ्यांची आणि मुलांची भाकरी राहू द्यावी. ज्याला गरज आहे त्याच्याच भाकरीचे पैसे अंडी, शेंगदाणे, सोयाबीनच्या वड्या यांकडे वळवावेत. बांधावर एक शेवगा, मोरीच्या पाण्यावर चार वांगी आणि मेथीचा वाफा एवढी जागा काटेवाडीसारख्या गावात बहुतेकांना असते. उसाच्या एकरांत भाजीचा एक गुंठा निघू नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

कोणी सावध राहावे

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याने एकदम भाकरी-भात सोडला तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते: हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, प्रसंगी शुद्ध हरपते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असताना कर्बोदके फार कमी केली, तर रक्तात आम्लता वाढण्याचा धोका असतो. आणि त्या वेळी साखर फारशी वाढलेली दिसेलच असे नाही. म्हणून औषधांची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घेऊनच आहार बदलावा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने वाढवण्याआधी विचारावे. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि लहान मुले यांनी हा आहार स्वतःहून सुरू करू नये.

आणि टोकाला जाण्याची गरजही नाही. ‘इंडियाब’च्याच माहितीवर आधारलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की नव्याने मधुमेह झालेल्यांनी कर्बोदके ४९ ते ५४ टक्क्यांवर आणि प्रथिने १९-२० टक्क्यांवर आणली, तर रोग माघारी फिरण्याची शक्यता वाढते. म्हणजे भाकरीला घराबाहेर काढायचे नाही. तिला तिच्या जागेवर बसवायचे आहे.

सुरुवात रात्रीच्या जेवणापासून करावी, कारण त्यानंतर कष्ट नसतात. औषधांचे डॉक्टरांशी बोलणे झाले, की एक आठवडा फक्त रात्री भाकरी-भाताला सुट्टी द्यावी, सकाळ आणि दुपार नेहमीप्रमाणे राहू द्यावी. जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजावी आणि वहीत लिहून ठेवावी. आणि त्या आठवड्यात घरातल्या स्त्रीने सर्वांबरोबर पंगतीला बसावे, तेही भरलेला वाडगा घेऊन. ही शेवटची अट औषधाच्या चिठ्ठीवर लिहिण्याजोगी आहे, इतकी ती महत्त्वाची.