टेलची खोली

नोव्हेंबर लागला की लीड्समधल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "तुम्ही हीटिंग कितीवर ठेवता?" मग आकडे सुरू. कुणी १८, कुणी १९, आणि नुकतंच पुण्याहून आलेलं कुणीतरी २३ (गॅसचं पहिलं बिल येईपर्यंत!). "कुठल्या खोलीत?" असं मात्र कुणी विचारत नाही. थर्मोस्टॅटवर दिसणारा आकडा घराचा असतो असं आपण धरून चालतो. तो घराचा नसतो. ते डबडं ज्या भिंतीवर ठोकलंय, तेवढ्याच जागेचा असतो.

आमच्याकडे ती जागा म्हणजे हॉल. हॉलमध्ये २१. झकास. वरच्या मजल्यावर मागच्या बेडरूममध्ये सकाळी साडेपंधरा. आणि त्या खोलीत गेल्या डिसेंबरात आई आणि अण्णा झोपत होते.

आईला दमा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या आपल्या घरांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये थंडीत घरातलं तापमान किमान १८ असावं असं म्हटलंय, आणि वयस्कर माणसं, लहान मुलं, श्वासाचे विकार असलेले यांना त्याहून जास्त लागू शकतं असंही. आईला विचारलं तर "मला कुठे गं थंडी वाजते?" हे बोलताना अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी, पायात अण्णांचे मोजे. लेकीच्या घरी तक्रार करायची नाही, हा आमच्याकडचा अलिखित नियम. जावयासमोर तर नाहीच नाही. तक्रार बाहेर आली ती वेगळ्याच दाराने. एका संध्याकाळी अण्णा म्हणाले, "तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ. जानेवारीत गेलेलं बरं, गव्हाला पाणी द्यायचंय." सहा महिन्यांचा व्हिसा, येऊन तीन आठवडे झालेले, आणि गव्हाला पाणी द्यायला माझा चुलतभाऊ तिथे मुक्कामाला! तेव्हा कळलं की खोलीचा प्रश्न आता लांबवून चालणार नाही.

घर भाड्याचं. एजंटला मेल टाकला. त्याने 'हीटिंग इंजिनिअर' पाठवला (माझ्याकडेही इंजिनिअरिंगची डिग्री आहे, तीसुद्धा मेकॅनिकलची, पण नोकरी जावा लिहायची, त्यामुळे आपण गप्प). त्याने बॉयलरचं झाकण उघडलं, प्रेशर बघितलं, "बॉयलर उत्तम आहे, थर्मोस्टॅट थोडा वर करा" म्हणाला आणि गेला. बॉयलर उत्तम होता हे खरंच. थर्मोस्टॅट २३ वर केला. हॉल २३, पुढची आमची बेडरूम साडेचोवीस, आणि मागची खोली? साडेसोळा. म्हणजे एका अंशासाठी बाकी सगळं घर भाजून काढायचं.

आता ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथल्या बहुतेक घरांत स्वयंपाकघरात वगैरे एक गॅसचा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो, पंप ते पाणी पाइपातून घरभर फिरवतो. प्रत्येक खोलीत भिंतीला लोखंडी पत्र्याचा रेडिएटर. गरम पाणी एका बाजूने आत, थोडं गार होऊन दुसऱ्या बाजूने बाहेर, आणि परत बॉयलरकडे. जाणारा पाइप एक, येणारा पाइप एक, आणि मधे शिडीच्या पायऱ्यांसारखे रेडिएटर. पहिल्या पायऱ्या बॉयलरजवळ, शेवटची सगळ्यात लांब. आमच्या शिडीची शेवटची पायरी कुठली हे सांगायला नकोच.

डिबगिंगचा पहिला नियम, आधी लॉग बघा. लॉग नव्हते, म्हणून तयार केले. चार स्वस्तातले डिजिटल थर्मामीटर आणले, प्रत्येक खोलीत उशीच्या उंचीवर ठेवले (खिडकीत नाही, रेडिएटरवर नाही), आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडे एक्सेलमध्ये टाकले. सगळ्या घराची सरासरी २० च्या आसपास. ऑफिसात एखाद्या सर्व्हिसचा सरासरी रिस्पॉन्स टाइम सुंदर दिसतो, पण शेवटच्या एक टक्का लोकांचं पान उघडतच नाही, तसंच हे. त्या एक टक्क्यात आपली आई असली की सरासरीवरचा विश्वास उडतो.

आता खरा प्रश्न. खोली थंड असते ती दोन कारणांनी. एक तर तिला उष्णता मिळतच नाही, किंवा मिळते पण टिकत नाही. दोन्हींचं औषध वेगळं. आणि हे ओळखायला हात पुरतो (जरा जपून, चटका बसतो). रेडिएटर वर गार आणि खाली गरम असेल तर आत हवा अडकलीय. वरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू खास किल्लीने जरासा सैल करायचा, हवा फुस्स करून निघून जाते, पाणी यायला लागलं की बंद. मग बॉयलरचं प्रेशर उतरलंय का ते बघायचं. उलट वरून गरम आणि तळाशी मधोमध गार असेल तर आत काळा गाळ साचलाय. तो म्हणजे रेडिएटरच्याच लोखंडाचा गंज, त्याला धुवून काढावं लागतं. आणि वर चार-पाच आकडे लिहिलेला व्हॉल्व्ह असेल तर त्याची टोपी काढून आतली बारीक पिन दाबली की खालीवर होते का ते बघायचं. बरेच महिने बंद राहिली की ती अडकून बसते.

आमचा रेडिएटर यातल्या कशातच बसेना. हवा नव्हती, पिन मोकळी होती, तळ आणि माथा सारखाच. सगळाच्या सगळा कोमट. मग बंदुकीसारखा दिसणारा इन्फ्रारेड थर्मामीटर आणला आणि प्रत्येक रेडिएटरचे दोन्ही पाइप मोजले. (एक टीप: चकचकीत तांब्यावर ही बंदूक वाटेल ते आकडे दाखवते. पाइपावर काळी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळून त्या टेपवर मोजायचं.) बॉयलर ६५ वर. पुढच्या बेडरूममध्ये पाणी ६४ ने आत, ५९ ने बाहेर. मागच्या खोलीत ५५ ने आत, ३१ ने बाहेर!

हीट ट्रान्सफरच्या पेपरानंतर पहिल्यांदाच ते सूत्र माझ्या कामाला आलं. मिळालेली उष्णता म्हणजे पाण्याचा ओघ गुणिले तापमानातला फरक. पुढच्या खोलीत फरक फक्त ५, म्हणजे पाणी इतकं धो धो वाहतंय की त्याला गार व्हायला सवडच नाही. मागच्या खोलीत फरक २४, म्हणजे पाणी रांगत येतंय, रांगत जातंय आणि वाटेतच निवतंय. ओघच नाही.

मग निर्णायक चाचणी. घरातले बाकीचे चारही रेडिएटर बंद केले, फक्त मागचा चालू. पंधरा मिनिटांत तो असा तापला की हात ठेवता येईना. म्हणजे पाइप तुंबलेला नाही, रेडिएटर चांगला आहे, बॉयलर आणि पंप ठीक आहेत. दोष वाटपात आहे.

अण्णा पलंगावर बसून हा सगळा खेळ बघत होते. मी त्यांना समजावायला तोंड उघडलं, तर ते आधीच म्हणाले, "अगं, हे तर टेलचं पाणी झालं."

आमची शेती प्रवरेच्या कालव्यावर. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली बांधून पूर्ण झालं, तेव्हापासून त्या पाण्यावर नगर जिल्ह्यातला ऊस उभा आहे. कालव्यावर तुमचं रान कुठे आहे यावर तुमचं नशीब. हेडला असाल तर आवर्तन सुटल्यावर पाणी पहिलं तुमच्या दारात, मन मानेल तेवढं घ्या. टेलला असाल तर रात्रभर दारं धरून बसा, चारीला येईल ती ओंजळ तुमची. आम्ही टेलचे. अण्णांचं निम्मं आयुष्य "वरच्यांनी पाणी सोडलं का?" हे विचारण्यात गेलंय. त्यांनी पुढचा प्रश्नही बरोबर विचारला. "धरणातून जास्त सोडून काय उपयोग? वरचेच पिणार. वरच्यांची दारं कमी कर. त्याची सोय आहे का यात?"

आहे. प्रत्येक रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला, पांढऱ्या प्लास्टिकच्या टोपीखाली, अजून एक व्हॉल्व्ह असतो. इथे त्याला लॉकशील्ड म्हणतात. त्याला हाताने फिरवायची मूठ नसते, पान्याने फिरवावा लागतो, म्हणून कुणी त्याच्या वाटेला जात नाही. रोज खालीवर करायचा नव्हेच तो. एकदा बसवणाऱ्याने प्रत्येकाचा वाटा ठरवून द्यायचा आणि टोपी लावून टाकायची. आमच्या घरात सगळेच्या सगळे पूर्ण उघडे होते. पाटकरीच नाही म्हटल्यावर हेडवाल्यांची मजाच.

एजंटची मेलवर परवानगी घेतली (बॉयलरच्या आतल्या गॅसच्या भागाला हात लावायचा अधिकार फक्त 'गॅस सेफ' नोंदणी असलेल्यांना आहे. रेडिएटरच्या या व्हॉल्व्हचा गॅसशी संबंध नाही) आणि शनिवारी कामाला लागलो. कृती अशी. सगळ्या खोल्यांचे आकडेवाले व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचे. हीटिंग बंद ठेवून रेडिएटर गार होऊ द्यायचे. मग चालू करून कोण पहिला तापतो, कोण शेवटी, तो क्रम लिहायचा. जो पहिला तापला त्याचा लॉकशील्ड बंद करून फक्त पाव फेरा उघडायचा. दुसऱ्याचा थोडा जास्त, तिसऱ्याचा त्याहून जास्त, आणि शेवटच्याचा पूर्ण उघडा. प्रत्येक बदलानंतर वीसेक मिनिटं थांबायचं, आत-बाहेरचं तापमान मोजायचं आणि सगळीकडे फरक साधारण सारखा येईपर्यंत थोडं इकडे, थोडं तिकडे. आधी कोण किती फेरे उघडा होता हे लिहून ठेवायचं, म्हणजे रोलबॅक करता येतो. :)

अख्खा दिवस गेला. बराचसा वाट बघण्यातच, कारण एकाला आवळलं की बाकीच्या सगळ्यांचं पाणी बदलतं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचा फरक १२ ते १५ च्या मधे आला.

यात सगळ्यात महत्त्वाचा रेडिएटर मागच्या खोलीतला नव्हे, हॉलमधला. थर्मोस्टॅट तिथे आहे ना! हॉल झटकन तापायचा, थर्मोस्टॅट म्हणायचा झालं काम, बॉयलर बंद. मागच्या खोलीत तोवर पाणी जेमतेम पोचलेलं. हॉलचा रेडिएटर आवळल्यावर हॉल सावकाश तापतो, बॉयलर जास्त वेळ चालतो, आणि त्या वेळात टेलपर्यंत पाणी जातं. "जास्त वेळ चालतो म्हणजे जास्त गॅस!" असं नवरा म्हणालाच. पण बॉयलर जास्त वेळ चालतो तो मंद आचेवर, आणि परत येणारं पाणी आता ५२ च्या आसपास असतं. इंग्लंडमध्ये २००५ पासून जवळजवळ सगळे नवे बॉयलर कंडेन्सिंग जातीचे बसवावे लागतात. धुरातल्या वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते तीही ते वापरतात. पण ती वाफ निवायला परतीचं पाणी ५५ च्या खाली असावं लागतं. आधी आमचं परतीचं पाणी त्याच्या वर होतं, म्हणजे ती उष्णता धुराड्यातून बाहेर चालली होती.

निकाल. मागची खोली सकाळी साडेपंधरावरून साडेअठरा. थर्मोस्टॅट तोच, २१. पुढची बेडरूम साडेबावीसवरून २०. हो, ती उतरली. हेडच्या लोकांचं थोडं कमी झाल्याशिवाय टेलला पाणी येत नाही, आणि या घरात हेडचे लोक आम्हीच. नवरा आता घरात मोजे घालतो.

साडेअठराच्या वर मात्र ती खोली गेली नाही. तिच्या तीन भिंती बाहेरच्या, जुन्या पद्धतीच्या नऊ इंची भरीव विटांच्या. हे दुसरं कारण, न टिकण्याचं, आणि ते पान्याने सुटत नाही. खिडकीच्या फटींना फोमची पट्टी लावली. रेडिएटरवर लोंबणारा पडदा खिडकीच्या कठड्यापर्यंत आखूड केला, नाहीतर सगळी गरम हवा पडद्यामागून काचेकडे जाते. त्याने अर्धा अंश वाढला. भिंतींचं घरमालकाला लिहिलंय, आठवडाभराच्या आकड्यांसकट. नुसतं 'खोली थंड आहे' म्हणण्यापेक्षा एक्सेलची शीट जोडली की उत्तरं जरा लवकर येतात असा अनुभव आहे.

आईने अजूनही कबूल केलेलं नाही की आधी थंडी वाजत होती. पण दुसरा स्वेटर बॅगेत गेला, आणि तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. गव्हाला पाणी चुलतभावानेच दिलं.

तुमच्याकडे अशी एखादी खोली असेल तर थर्मोस्टॅट वाढवायच्या आधी बाकीचे रेडिएटर बंद करायची ती चाचणी तेवढी करून बघा. पंधरा मिनिटं लागतात, खर्च शून्य. मागचा रेडिएटर तापला तर काम तुमच्या हातातलं आहे. नाही तापला तर मात्र माणूस बोलवा. लीड्समध्ये असाल तर पाना माझ्याकडे आहे, घेऊन जा. परत आणून द्या म्हणजे झालं.