राजेंद्र नगरहून सराफ्यापर्यंत

वाचकहो, मुलांच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या घरांत प्रवासाचे बेत सुरू होतात. कोणी वेलांकण्णीची वाट धरतो, कोणी गोव्याची, तर कोणी महाबळेश्वरची. इंदूरचे नाव मात्र सहसा कोणाच्या ओठी येत नाही. ते यावे, अशी आमची इच्छा आहे. तेथे गेल्यावर काय पाहावे, काय खावे आणि त्या खाण्यापासून काय शिकावे, हे आपल्या कुटुंबांपुढे ठेवावे म्हणून हा लेख लिहीत आहोत.

इंदूर आपणांस वाटते तितके परके नाही. मुंबईहून निघणारा जुना आग्रा रस्ता ठाणे, नाशिक, धुळे अशी ठिकाणे घेत सातपुडा ओलांडतो, नर्मदा पार करतो आणि विंध्याचा घाट चढून माळव्याच्या पठारावर येतो. राऊ मागे पडले की शहराच्या नैर्ऋत्येस राजेंद्र नगर ही वसाहत लागते. तिला स्वतःचे रेल्वे स्थानकही आहे. इंदूरहून महूकडे जाणाऱ्या मार्गावर, राऊच्या अलीकडे. येथे मराठी कुटुंबांची वस्ती मोठी आहे. गल्लीतून चालताना दारावरच्या पाट्यांवर ओळखीची आडनावे दिसतात आणि खिडकीतून मराठी हाक ऐकू येते. आग्रा रस्त्याने आलेल्या पाहुण्यास आपण फार दूर आलो आहोत असे वाटेनासे होते.

मराठी माणूस येथे कसा आला, ही कथा जुनी आहे. नीरा नदीकाठच्या होळ गावचे मल्हारराव होळकर पेशव्यांचे सरदार म्हणून माळव्यात स्थिरावले. हेच मल्हारराव १७३९ साली चिमाजीअप्पांबरोबर वसईच्या मोहिमेत होते, हे आपल्याकडील वाचकांस ठाऊक असेलच. त्यांच्यामागे सून अहिल्याबाई यांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वरहून राज्य चालविले. १८१८ सालच्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी झाली. दरबाराबरोबर कारकून आले, शास्त्री आले, सैनिक आले, आणि त्यांच्या बायकांबरोबर त्यांची चूलही आली. राज्ये गेली, पण ती चूल राहिली.

तेव्हा प्रारंभ न्याहारीपासूनच करू. इंदूरची सकाळ पोह्यांनी उजाडते. राजेंद्र नगरच्या नाक्यावर काय किंवा राजवाड्याजवळ काय, पोह्यांची परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेली असते. वाफेमुळे पोहे कितीही वेळ गरम व मऊ राहतात. आपल्या पोह्यांवर ओले खोबरे व कोथिंबीर असते. येथे वरून बारीक शेव, चिरलेला कांदा, कधी डाळिंबाचे दाणे, लिंबू आणि जिरावन नावाचा आंबट-तिखट कोरडा मसाला पडतो. फोडणीत बडीशेप असते आणि जिभेला किंचित गोडवा जाणवतो. शेजारी गरम जिलेबी हवीच. तिखट पोह्यांचा एक घास व जिलेबीचा एक तुकडा, ही तेथली रीत. आरंभी ती विचित्र वाटते. दुसऱ्या दिवशी तिच्यावाचून न्याहारी अपुरी वाटू लागते.

पोहे मराठी मंडळींबरोबर माळव्यात आले, असे तेथे सांगतात. ते खरे धरले, तर या एका बशीत दोन मुलूख शेजारी बसले आहेत. पोहे दक्षिणेचे, शेव, जिरावन आणि जिलेबी तिकडची. आपला पदार्थ जसाच्या तसा राहावा असा हट्ट आलेल्यांनी धरला नाही, आणि परका म्हणून तो यजमानांनी नाकारला नाही. आज कोणत्याही इंदूरवासीयास विचारा, तो पोहे आपल्या गावचेच म्हणून सांगेल. आणि त्याचे म्हणणे खोटे नाही.

न्याहारीनंतर शहर पाहावयास निघावे. राजवाडा शहराच्या मध्यभागी आहे. तो सात मजली असून खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लाकडी आहेत. तो एकाहून अधिक वेळा जळाला. शेवटची मोठी आग १९८४ च्या दंगलीतली. पुढे त्याची पुनर्बांधणी झाली. त्याच्या दर्शनी भागासमोर उभे राहिले असता मराठी वाड्याचे रूप तत्काळ ओळखू येते. जवळच कान्ह नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत. होळकर घराण्यातील व्यक्तींची ती दगडी स्मारके होत. त्याच नदीच्या काठी लालबाग राजवाडा आहे. १८८६ ते १९२१ या काळात तो बांधला गेला आणि त्याचे मुख्य लोखंडी फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर करविले आहे. दोन राजवाड्यांत एकाच घराण्याचे दोन काळ दिसतात. मुलांना इतिहास शिकविण्यास इतके सोपे साधन दुसरे नाही.

आपल्या लोकांनी तेथील लाल चर्चलाही भेट द्यावी. असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या नावाचे हे कॅथेड्रल इंदूर धर्मप्रांताचे मुख्य मंदिर होय. धर्मप्रांत १९५२ साली स्थापन झाला. उदयनगर भागात गरीब शेतमजुरांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी झटणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथेच त्यांना धन्य घोषित करण्यात आले. त्यांच्या घरच्या माणसांनी मारेकऱ्यास क्षमा केली, त्यांच्या सख्ख्या बहिणीने त्याला राखी बांधली. या शहरात पाहण्यासारखे जे आहे, त्यात या गोष्टीची आठवण सर्वांत आधी ठेवावी.

सायंकाळी मुलांना घेऊन जाण्यास ‘छप्पन दुकान’ ही जागा योग्य. न्यू पलासिया भागात छप्पन दुकानांची ही ओळ आहे आणि त्यांतील बहुतेक खाण्याचीच आहेत. रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा केला असल्यामुळे लहान मुलांचा हात सुटला तरी आईचा जीव टांगणीला लागत नाही.

परंतु इंदूरच्या खाण्याचे खरे माहेर म्हणजे सराफा. नावाप्रमाणे हा सोन्याचांदीचा बाजार. दिवसभर येथे तराजू व तिजोऱ्यांचे राज्य असते. रात्री पेढ्यांची दारे लागली की त्याच पेढ्यांसमोर शेगड्या पेटतात, कढया चढतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत गर्दी हटत नाही. भुट्ट्याचा कीस येथेच खावा. कोवळे मके किसून तुपावर परततात, दुधात शिजवितात, वरून खोबरे व कोथिंबीर घालतात. ‘कीस’ हा शब्द ऐकताच मराठी गृहिणीस घरच्या किसणीची आठवण होते. हिवाळ्यात गराडू मिळतो. आपल्याकडील कोनफळाच्या जातीचा हा कंद. त्याच्या फोडी तळून वर लिंबू व जिरावन टाकतात. बटाट्याच्या पारीत खोबरे भरून तळलेले खोपरा पॅटीस खाताना आम्हांस गंमत वाटली. नारळाचे झाड ज्या पठारावर दिसत नाही, तेथे नारळाचे एवढे कौतुक! दहीवडा देणारा द्रोण हवेत उंच उडवून झेलतो आणि दह्याचा थेंबही सांडत नाही. शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत असे समजून कोणी मागू नये. इंदूरची शिकंजी आटीव दुधाची, केशर व सुकामेव्याची, चमच्याने खावी इतकी दाट असते. साबुदाण्याची खिचडीही येथे मिळते, तीवर शेव व मसाला घालून. मराठी उपवासाने अशी परमुलखात मौज केलेली पाहून कोणास हसू येणार नाही?

सोनाराने आपल्या दुकानापुढची जागा खाद्यवाल्यास का दिली असेल? तेथे असे सांगतात की, रात्री माणसांची वर्दळ राहिली म्हणजे चोरांचे भय राहत नाही, म्हणून पेढीवाल्यांनी ही सोय आनंदाने करून दिली. एकाला पोटापाण्याचा धंदा मिळाला, दुसऱ्याला फुकटची राखण. दिवसाचा बाजार एकाचा, रात्रीचा दुसऱ्याचा, आणि पायरी दोघांची. अलीकडे मात्र या सोयऱ्यांत कुरबुर सुरू झाली आहे. गाड्या वाढल्या, गर्दी वाढली, अरुंद गल्लीत गॅसच्या टाक्या वाढल्या. आग लागली तर काय, अशी सराफांची तक्रार आहे आणि ती निराधार नाही. २०२५ साली हा वाद नगरपालिकेच्या दारी गेला आणि पारंपरिक पदार्थांचीच दुकाने ठेवावीत, असा विचार पुढे आला. आम्हांस वाटते, मर्यादा पाळली तर पायरी टिकेल. ज्याने त्याने आपलीच शेगडी मोठी करावयाची म्हटली, तर ती दोघांच्याही हातची जाईल.

इंदूर स्वच्छतेसाठी देशभर नावाजले आहे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात ते वर्षानुवर्षे पहिले ठरत आले. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करण्याची सवय तेथल्या लहान मुलांनाही आहे. रात्री हजारो माणसे खाऊन गेलेला रस्ता सकाळी झाडून लख्ख असतो. आपल्या गावच्या सणानंतर मैदानाची जी दशा होते, ती आठवून आम्हांस संकोच वाटला. तथापि याच शहरात २०२५ च्या अखेरीस भगीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले व माणसे दगावली. रस्त्यावरची स्वच्छता डोळ्यांना दिसते, जमिनीखालची दिसत नाही. आणि गरिबाचा जीव तिच्यावरच अवलंबून असतो. प्रवाशांनी पाणी उकळलेले वा बंद बाटलीतले प्यावे, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर महूस जावे. १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म येथे झाला. तेथे त्यांचे भव्य स्मारक आहे. महूच्या पुढे पातालपाणीचा धबधबा लागतो. पावसाळ्यात तो पाहण्यासारखा असतो, परंतु पाणी अकस्मात वाढते, म्हणून मुलांना प्रवाहात मुळीच उतरू देऊ नये.

राजेंद्र नगरच्या घरी जेवणाचा योग आला तर तो सोडू नये. ताटात एका बाजूस वरणभात असतो आणि दुसऱ्या बाजूस माळव्याचे दाल-बाफले; उकडून, भाजून, तुपात बुडविलेले कणकेचे गोळे. बोलण्याचेही तसेच. ‘काय करून राहिला आहेस?’ असे तेथील मराठी माणूस सहज विचारतो. आपल्या कानांना ते खटकते. परंतु हिंदीच्या शेजारात कित्येक पिढ्या काढून त्याने ती भाषा घरात जिवंत ठेवली आहे, हे विसरून चालणार नाही. आता त्या घरांतील नातवंडे आजीशी मराठीत बोलतात व आपापसांत हिंदीत. आजीनंतर काय, हा प्रश्न तेथील वडीलधाऱ्यांस पडतो.

तो प्रश्न आपलाही आहे. आपल्या गावांतील मुले मुंबईस, आखातात, कॅनडात गेली आहेत. त्यांच्या घरी नाताळला फुगे होतात का, इंदेल होते का, आजीची बोली कानी पडते का? जाणाऱ्याने नव्या मुलखाशी फटकून राहावे, असे आम्ही म्हणत नाही. आपले पोहे न्यावेत, त्यांवर तेथली शेव पडू द्यावी. पण पोहे कसे करावयाचे, हे मात्र लेकीसुनांनी व मुलांनीही आजीपाशी बसून वेळेवर शिकून घ्यावे.