दरवाजा उघडून दाखवा

शाळेच्या दोन्ही बसचं पासिंग मे महिन्यातच उरकायचं, असं परिवहन समितीच्या बैठकीत ठरलं आणि सोबत जायची जबाबदारी मी मागून घेतली. मी एरंडोल तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत अशी समिती असावी लागते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, आणि पालक, पोलीस, आरटीओचे निरीक्षक हे सदस्य. कागदावर ही फार चांगली तरतूद आहे. ती इतिवृत्ताच्या वहीबाहेर यावी, असं मला मनापासून वाटत होतं.

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतो. आरटीओच्या आवारात पिवळ्या गाड्यांची रांग लागली होती आणि सगळे ड्रायव्हर सावली धरून बसले होते. आमचे नाना मात्र बसभोवती फडकं घेऊन फिरत होते. पासिंगसाठी दोन्ही गाड्या नव्याने रंगवल्या होत्या, रेडियमच्या पट्ट्या बदलल्या होत्या, प्रथमोपचार पेटी भरली होती.

निरीक्षक तरुण होते. त्यांनी चेसिस नंबर कागदावर पेन्सिलीनं घासून घेतला, टायरच्या खाचा बघितल्या, आग विझवायच्या नळकांड्यांवरची मुदत वाचली. मग बसमध्ये चढून शेवटच्या सीटपर्यंत गेले आणि मला म्हणाले, "मॅडम, संकटकाळचा दरवाजा तुम्ही उघडून दाखवा."

मी दांडा फिरवला. दांडा फिरला, पण दरवाजा जागचा हलला नाही. खांदा लावला, तरी नाही. नाना धावत आले, त्यांनी बाहेरून हिसका दिला, तेव्हा कर्र असा आवाज होऊन दरवाजा बोटभर सरकला. फटीत बघितलं तर चौकट आणि दरवाजा यांच्या मधोमध पिवळ्या रंगाचा जाड थर वाळून बसला होता. रंगाऱ्यानं फटीवरूनही फवारा मारला होता. पासिंगसाठी म्हणून दिलेल्या रंगानंच तो दरवाजा चिकटवून टाकला होता.

"ताकदीनं उघडून उपयोग नाही," साहेब म्हणाले. "पाचवीतल्या मुलीला उघडता आला पाहिजे." आणि त्यांनी गाडी नापास केली. बाजूला घुटमळणारा एक एजंट म्हणाला, किरकोळ आहे, होऊन जाईल. साहेबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या माणसाबद्दल मला त्या क्षणी जो आदर वाटला, तो अजून तसाच आहे.

"आते काय करानं, मॅडम?" नाना रडवेले झाले होते. ते अमळनेरकडचे, मन दुखलं की अहिराणीत बोलतात.

दुसरी बस ब्रेकच्या ट्रॅकवर अडली. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढत होती. हा २५० मीटरचा ट्रॅकही सहजासहजी आलेला नाही. एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं तो सक्तीचा केला आणि ज्या कार्यालयांत ट्रॅक नव्हता, तिथलं फिटनेस देणं २०१८ मध्ये थांबवायला लावलं. गॅरेजमध्ये चाक खोललं तेव्हा कारण दिसलं. पुढच्या उजव्या चाकाच्या हबचं सील फाटून ग्रीस ड्रममध्ये उतरलं होतं आणि लायनर त्यात माखलं होतं. उजवं चाक धरत नव्हतं, डावं धरत होतं, म्हणून गाडी डावीकडे जात होती. मिस्त्रीनं लायनर माझ्या हातावर ठेवलं. घर्षण कमी झालं की काय होतं, हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवते; इथे ते बोटांना लागत होतं, काळं आणि बुळबुळीत.

ब्रेकचा विषय आमच्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला, मुंबई-आग्रा महामार्गावर ब्रेक निकामी झालेला कंटेनर रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. आमच्या बस धावतात तो महामार्ग दुसरा, सुरत-नागपूरचा, पण त्यावरही तसेच कंटेनर मुलांच्या मागे-पुढे असतात. पारोळा, एरंडोल, पाळधी, बांभोरीचा गिरणा पूल, सगळीकडे तेच. आपल्या गाडीचा ब्रेक सरळ लागणं एवढंच आपल्या हातात आहे.

दोन्ही बस दुरुस्त करून पुन्हा नेल्या आणि पास झाल्या. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला हे प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी मिळतं, त्यापुढे दरवर्षी घ्यावं लागतं. पण सील फाटायला दोन वर्षं लागत नाहीत. पासिंगपुरते चांगले टायर आणून बसवायचे आणि नंतर काढून ठेवायचे, हा प्रकारही गॅरेजवाल्यांना नवा नाही. म्हणून जूनमध्ये शाळा सुरू होताच आम्ही आमची स्वतःची तपासणी सुरू केली. महिन्यातून एकदा, प्रार्थनेनंतर, एक वर्ग बसमध्ये बसवायचा आणि दरवाजा मुलांनीच उघडायचा.

पहिल्याच वेळी पाचवीतल्या एका मुलीनं दांडा फिरवून दरवाजा सताड उघडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती खाली उतरली नाही. तिनं विचारलं, "बाई, बस याच बाजूला आडवी पडली तर?"

दरवाजा मागे उजव्या अंगाला आहे. बस उजवीकडे कलंडली तर तो जमिनीखाली जाणार. मग राहतात खिडक्या, आणि खिडक्यांना आडवे गज. मुलांनी डोकं-हात बाहेर काढू नयेत म्हणून ते लावलेले, आणि त्याच गजांतून दप्तरसुद्धा बाहेर पडणार नाही. उरते पुढची आणि मागची काच. ती फोडायचा हातोडा नानांच्या अवजारांच्या पेटीत, कुलपात होता. चोरीला जातो म्हणून त्यांनी तो जपून ठेवला होता. त्याच दुपारी दोन हातोडे आणून एक ड्रायव्हरच्या डोक्यावर, एक मागच्या काचेजवळ लावला. त्या मुलीचा प्रश्न मी तिच्याच शब्दांत इतिवृत्तात लिहिला.

धुळ्याला माझी बहीण राहते. तिची मुलं रिक्षानं शाळेत जातात, दप्तरं बाहेर लटकवून, ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक मूल बसवून. तिथे दरवाजाच नाही, मग उघडून कोणता दाखवणार? जळगाव काय, धुळे काय, पिवळी बस कित्येक घरांना परवडत नाही, हे मला कळतं. तिला मी एवढंच सांगितलं, की रिक्षावाल्याभाऊंना फिटनेसचा कागद दाखवायला सांग आणि पुढच्या सीटवर मूल बसवू नकोस. तिनं गल्लीतल्या चार आयांना जमवलं. रिक्षावाले आधी रागावले, मग दुसऱ्या फेरीला तयार झाले. त्या फेरीचे पैसे आया वाटून देतात.

आमच्या समितीची पुढची बैठक दिवाळीच्या सुटीआधी आहे. निरीक्षक साहेब यायला तयार झाले आहेत. विषय एकच ठेवला आहे: खिडकीचे गज.