अँपिअरचा काटा

बुलेटच्या स्पीडोमीटरशेजारची ती छोटी गोल डबी उघडून पाहिली नसेल, तर बुलेट निम्मीच पाहिली, असं मी आता बेधडक म्हणतो! माझ्या जुन्या 12 व्होल्टच्या गाडीचं बाकी सगळं चालू झालं होतं, अँपिअर मीटर तेवढा मेलेला. काच पिवळी, तबकडीवर गंजाचे ठिपके, काटा उणेकडे कलून अडकलेला. ‘नवा टाका, दहा मिनिटांचं काम आहे,’ मेकॅनिक म्हणाले. मी जुनाच जागा करायचा हट्ट धरला, आणि त्या हट्टानं काय काय दाखवलं म्हणून सांगू!

पहिलं काम, बॅटरीची वायर सोडणं. गाडीचा बहुतेक करंट या मीटरमधूनच जातो. टर्मिनलवरचा पाना बॉडीला टेकला की वायरिंग जळालंच म्हणून समजा. हेडलाइट काढला, मागचे दोन नट सोडले, मीटर हातात आला. क्रोमच्या रिंगची कड मागे दुमडलेली असते. पातळ स्क्रूड्रायव्हर घेऊन, एका जागी जोर न लावता, गोल फिरत फिरत ती उचलायची. काच सुटली, आत डोकावलो, आणि चकितच झालो. मला वाटलं होतं तारेची वेटोळी असतील, स्प्रिंगा असतील. छे! एक पितळी पट्टी, एक लहानसा लोहचुंबक, आणि आसावर फिरणारा लोखंडाचा इवलासा तुकडा. काटा त्यालाच जोडलेला. बस्स, एवढंच!

1820 साली कोपनहेगनमध्ये अर्स्टेडनं तारेतून वीज सोडली आणि जवळच्या होकायंत्राची सुई हलली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये अँपिअरनं तो धागा उचलला. शाळेत पाठ केलेला तो प्रयोग माझ्या हँडलसमोर बसला होता! चुंबक लोखंडाच्या तुकड्याला शून्यावर धरून ठेवतो, पट्टीतून करंट गेला की तो बाजूला ओढला जातो. बॅटरीतून करंट बाहेर पडतोय, तर काटा उणेकडे. बॅटरीत शिरतोय, तर अधिककडे.

आसाभोवतीची धूळ मऊ ब्रशनं काढली. तेल अजिबात नाही, तेलावर धूळ चिकटते आणि काटा पुन्हा जड होतो. काट्याला पांढऱ्या रंगाचा एकच पातळ हात दिला, जाड थरानं त्याचा तोल जातो. टर्मिनलच्या रिबिटांखालचा हिरवा गंज पॉलिश पेपरनं घासला आणि रिबिटा घट्ट केल्या. तिथला जोड ढिला राहिला तर करंटची वाटच तुटते, अख्खी गाडी मुकी!

मग टेबलावर परीक्षा. 12 व्होल्टची बॅटरी, 35 वॅटचा हेडलाइटचा बल्ब आणि मीटर, तिघं एका रांगेत. हिशेबानं जवळपास 3 अँपिअर दिसायला हवेत. वायर टेकवली, काटा थेट तीनपाशी! वायरी उलट्या केल्या, तर तितकाच दुसऱ्या बाजूला. मी आनंदानं ओरडलोच!

खरी मेजवानी गाडीवर बसल्यावर मिळाली. इग्निशन चालू केलं. कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट मिटलेले होते, कॉइल करंट ओढत होती, काटा उणेकडे झुकला. किक अगदी हळू दाबत गेलो आणि काटा टुणकन शून्यावर आला. पॉइंट उघडले! पॉइंटचा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून ते दोन फेऱ्यांत एकदाच उघडतात, कॉम्प्रेशनच्या टोकाशी. इतक्या जाड लोखंडाच्या आत पिस्टन कुठे आहे, ते हा काटा बाहेर सांगतो! सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसर ओढून किक जराशी पुढे ढकलली, वर येऊ दिली, मग पूर्ण जोर लावला. इंजिन लगेच पकडलं. जुने बुलेटवाले किक मारण्याआधी मान खाली घालून काय बघतात, ते मला तेव्हा कळलं. हेडलाइट लावून गाडी मंद सोडली तर काटा उणेकडे जातो, अ‍ॅक्सिलरेटर पिळला की शून्य ओलांडून अधिककडे. चार्जिंग डोळ्यांनी बघता येतं!

तुमच्याकडे जुनी बुलेट असेल, तर मेलेला मीटर फेकू नका, उघडा. मी तर आता स्पीडोमीटरकडे वळणार आहे. त्यात म्हणे केबलनं फिरणारा चुंबक शेजारच्या धातूच्या वाटीला स्पर्शही न करता काटा ओढतो. हे बघितल्याशिवाय मला चैन पडणार नाही!