ग्रोथ हार्मोन आणि मामाचं हृदय



इथे अमेरिकेत जिमला जाणाऱ्या, चाळिशीकडे झुकलेल्या आपल्या लोकांत ग्रोथ हार्मोनच्या इंजेक्शनचा विषय अधूनमधून निघतो. "स्नायू वाढतात, चरबी उतरते, शरीरातलीच गोष्ट आहे, मग बिघडतं कुठे?" मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस. पण हे ऐकलं की मला आमचा मामा आठवतो.

चाळिशीनंतर मामाची अंगठी बोटात जाईना. चपलेचा नंबर ८ वरून १० वर गेला. जबडा रुंद झाला, घोरणं वाढलं. घरचे म्हणायचे, सुखाने अंग भरलंय! पुढे जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा कुठे निदान झालं: ॲक्रोमेगाली. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिथे गाठ होऊन हे हार्मोन जास्त स्रवत होतं. गाठ काढली, पण हृदय तोवर थकलं होतं. तीन वर्षांत मामा गेला.

तेव्हापासून जमेल तसं वाचत आलो. हे हार्मोन यकृताकडून आयजीएफ-१ बनवून घेतं आणि दोन्हींचा परिणाम हृदयाच्या स्नायूवर होतो. प्रमाण जास्त झालं की हृदयाच्या भिंती जाड होतात. जाड म्हणजे ताकदवान, असं आपल्याला वाटतं. पण जाड भिंत नीट सैलावत नाही, त्यामुळे दोन ठोक्यांच्या मधे हृदयात रक्त नीट भरत नाही. त्यात रक्तदाब आणि मधुमेहाची भर. हाच आजार असलेला कुस्तीगीर आंद्रे द जायंट १९९३ साली, वयाच्या ४६व्या वर्षी हार्ट फेल्युअरने गेला.

उलट हार्मोन फारच कमी असेल तर हृदयाचा स्नायू रोडावतो, पोटावर चरबी साठते, कोलेस्टेरॉल वाढतं. अशांना डॉक्टर मोजून इंजेक्शन देतात, ते योग्यच. मग दुबळ्या हृदयालाही हेच द्यावं का? १९९६ मध्ये ७ रुग्णांवर करून पाहिलं, आशा वाटली. १९९८ मध्ये ५० रुग्णांची काटेकोर चाचणी झाली. स्नायू वाढला, रुग्णांना बरं काही वाटलं नाही!

तेव्हा तारुण्यासाठी इंजेक्शन नकोच. इथल्या कायद्यानेही त्यासाठी ते देता येत नाही. आणि यंदा घरी गेलात की आई-बाबांचे, काका-मामांचे दहा वर्षांपूर्वीचे फोटो काढून बघा. चेहरा, हात, चपलेचा नंबर बदललाय असं वाटलं तर आयजीएफ-१ची रक्ततपासणी करायला सांगा. लवकर कळलं तर हृदय बऱ्याच अंशी सावरतं.